सगळ्यात मोठा आवाज

"आधी सगळ्यात मोठा आवाज मागून घ्यायचा. संकोच करायचा नाही. हळू गाऊन दाखवणाऱ्यावर विसंबलीस तर पस्तावशील."

असं बजावत मला रेकॉर्डिंग शिकवणारे मास्तर आज असते, तर चष्म्यावरून नुसतं बघितलं असतं त्यांनी.

मी तो मोठा आवाज मागितलाच नव्हता. गाणारी माझी थोरली बहीण होती आणि उद्या तिच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. आवाज परत येईल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. "खुल्या गळ्याने दोनदा. तिसऱ्यांदा नाही," एवढंच बजावलं होतं. त्या दोनातला एक चाचणीत कसा घालवायचा? मी ताईला गुणगुणायला सांगितलं आणि माइकची पातळी अंदाजाने लावली.

एरवी तिला बोलायची बंदी होती. गळ्यात पाटी अडकवलेली. सकाळीच तिने लिहून माझ्यासमोर धरलं होतं, 'उगाच छान म्हणालीस तर ऑपरेशननंतर तुझ्याशी बोलणार नाही.' खाली बारीक अक्षरात, 'बोलता आलं तर.' मी हसले होते आणि तिला शब्द दिला होता.

छोट्या खोलीत, गाद्या लावलेल्या भिंतींमध्ये ताई शेवटच्या तानेत वर गेली आणि आवाजाची पातळी दाखवणारा काटा लाल रेघेपलीकडे जाऊन आपटला. कापड टरकावं तसा तिचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये फाटला; गळा नाही, रेकॉर्डिंग. काचेपलीकडून तिने भुवया उंचावल्या : कसं? मी खुणेनेच तिला शेजारच्या खोलीत टेकायला पाठवलं.

माझ्या शेजारी बसलेल्या भाऊजींनी हेडफोन कानाला लावून ऐकलं.

"हे असंच राहणार?"

"हो. हे शिवता येत नाही, भाऊजी."

"मग छान झालं म्हण. घरी जाऊ." त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले. "तुम्हा बहिणींना सुरांचं पडलंय. मला ती हवी आहे गं, मुकी झाली तरी."

मी मनात देवाचं नाव घ्यायला गेले. रोजचं नाव, तरी मध्येच अडखळलं.

ती तान पुन्हा लावली. मास्तरांना हवा असायचा तो सगळ्यात मोठा आवाज आता माझ्याजवळ होता, फाटका का होईना. पलीकडच्या मोठ्या हॉलमध्ये माइक चार हात लांब ठेवला, काटा पार खाली आणला, तर दुसऱ्या खेपेला तान न फाटता मावेल. मावेल असं वाटत होतं. मास्तर कधी 'वाटतं'वर गेले नाहीत.

"पुन्हा गायचं की नाही, ते ती ठरवेल, भाऊजी. मी फक्त झालं ते सांगते."

"आणि ती हो म्हणाली तर?"

ती हो म्हणेल, याचीच तर मला धास्ती होती.

मी हेडफोन खुंटीला अडकवले. पायात चपला नव्हत्या, तरी पाऊल वाजू नये म्हणून जपत ताईच्या खोलीकडे निघाले.