फाटकापर्यंतची फुलं

धाकटी बसमधून उतरली ती भांडायलाच. वाटभर तिने वाक्यं जुळवली होती, उसवली होती, पुन्हा घातली होती. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं कॉलर लावणारी ती बाई. एक टाका तिरका गेला तर सबंध शिवण उसवायची सवय हाडात मुरलेली. माहेरी तिला सगळे ठिणगी म्हणत, आणि ते लाडाने म्हणत असं नाही.

भांडण जुनंच होतं. तीन वर्षांपूर्वी थोरलीने शहराबाहेरच्या या वसाहतीत बैठं घर घेतलं आणि सामान आवरताना आईचं पायमशीन भंगारात देऊन टाकलं. त्या मशीनवर धाकटी पहिली सरळ शिवण शिकली होती. ती म्हणाली, तू आईलाच भंगारात घातलंस. थोरली म्हणाली, तू आईला लोखंडात शोधतेस त्याला मी काय करू. शब्दाने शब्द वाढला आणि मग शब्दच संपले. तीन वर्षं एकीने दुसरीला फोन केला नाही.

मग थोरली न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी घालावी लागली. दूर गावी नोकरीला असलेल्या भाच्याने कळवलं तेव्हा धाकटीने पाच वेळा फोन उचलला आणि पाच वेळा खाली ठेवला. आधी कोणी बोलायचं, हा प्रश्न हाडापेक्षा मोठा होऊन बसला होता. शेवटी तिने थोरलीच्या भागातल्या फुलांच्या दुकानात फोन लावला. पिवळी शेवंती सांगितली. थोरलीला लहानपणापासून पिवळ्याचं वेड.

फुलवालीने विचारलं, चिठ्ठीत काय लिहू.

"लिहा, पडलीस कशी, डोळे कुठे होते?"

"हे असंच लिहू, ताई?"

"असंच. गोड लिहिलंत तर कोणी पाठवलं ते तिला कळायचं नाही."

तेव्हापासून दर मंगळवारी फुलं गेली. दर मंगळवारी फुलवाली सांगायची, पोचली हो, फाटकावर सहीसुद्धा घेतली. नऊ मंगळवार झाले. थोरलीकडून एक अक्षर आलं नाही. भाच्याला विचारावं तर ते लोटांगण घातल्यासारखं झालं असतं. तोच एकदा आपणहून म्हणाला, आई हल्ली कुणाशीच बोलत नाही. धाकटीने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. अजून अकड आहे म्हणायची. हाड मोडलं तरी पीळ जात नाही.

दहाव्या मंगळवारची चिठ्ठी तिने सोमवारीच सांगून टाकली. ही शेवटची फुलं. मला बहीण नव्हती असं समजेन. फुलवाली या वेळी काही विचारेना, नुसतं "बरं" म्हणाली. ते "बरं" धाकटीच्या कानात सकाळपर्यंत राहिलं. असलं वाक्य परक्या बाईच्या अक्षरात धाडायचं नसतं, तोंडावर सांगायचं असतं, असं तिने ठरवलं आणि बस पकडली.

वसाहतीच्या फाटकावर पाटी होती. इथे शांतता राहते. दुपारी एक ते चार घंटी वाजवू नये, वाहने आत आणू नयेत. आत दोन्ही बाजूंना सारखी घरं, सारखी कुंपणं, कातरलेलं गवत, आणि माणूस एकही नाही. म्हातारा राखणदारही कुजबुजत बोलायचा. सात नंबर कुठे ते त्याने कुजबुजत सांगितलं. त्याच्या मागे पत्र्याची मांडणी होती आणि मांडणीवर, कागदात गुंडाळलेली, पिवळी शेवंती होती.

"ही फुलं इथे काय करतायत?" धाकटीने विचारलं.

राखणदाराने मोठ्या अभिमानाने नियम सांगितला. आलेली वस्तू इथे उतरवून घ्यायची. वस्तू आल्याची पावती घरमालकाच्या टपालपेटीत टाकायची. पेट्या सगळ्या इथेच, फाटकाशी. घरमालक स्वतः येतो, घेऊन जातो, दुसऱ्या कुणाकडे द्यायची नाही. सहापर्यंत नाही आला तर नाशवंत वस्तू सभागृहात ठेवायची. सुकून जाण्यापेक्षा सगळ्यांच्या डोळ्यांना आनंद.

धाकटीने पेट्यांकडे पाहिलं. सात नंबरच्या पेटीच्या फटीतून पावत्या जिभेसारख्या बाहेर आल्या होत्या.

"सात नंबरची बाई हाड मोडून पडलीय. ती इथवर येणार कशी?"

"येत नाहीत म्हणून तर सभागृहात जातात ना, बाई."

"ती पडलीय हे ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

"ठाऊक होतं की. रुग्णवाहिका मीच आत सोडली. भोंगा तेवढा बंद करायला लावला."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते धाकटीला आजवर ठाऊक आहे असं वाटत होतं. तिने मांडणीवरची फुलं उचलली. राखणदार सहीचं काहीतरी पुटपुटला, पण तिच्याकडे पाहून गप्प बसला. या माणसाशी भांडण्यात अर्थ नव्हता. तो नियम पाळत होता, आणि नियम पाळणाऱ्याच्या अंगावर ओरखडा उमटत नाही.

सात नंबरचं दार सोबतीच्या बाईने उघडलं. दबक्या आवाजात तिने दारातच सांगून टाकलं, की बाई घरातल्या घरात वॉकर धरून चालतात पण उंबरा ओलांडत नाहीत. व्यायाम घेणारी सांगून गेलीय, की या आठवड्यात बाहेर पडल्या नाहीत तर खुर्ची कायमची. विचारलं तर म्हणतात, कुणाकडे जायचंय मला.

थोरली खिडकीशी बसली होती. निम्मी झाली होती. तीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत लोकांची बोलणी जोडून देणारी बाई, आवाज मात्र तसाच खणखणीत.

"कोण मेलं म्हणून आलीस?"

"तूच गेलीस की काय ते बघायला."

"नऊ आठवड्यांनी? बाराव्याला आली असतीस की सावकाश."

"नऊ वेळा फुलं पाठवली तुला," धाकटी म्हणाली.

थोरली हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. म्हणाली, लहानपणी दूध सांडून मांजरावर ढकलायचीस, अजून तशीच आहेस. इथे पाकळीसुद्धा आलेली नाही. इथे पडून मी दाराकडे बघत होते, ठिणगे. माझ्याशी थापा मारू नकोस.

मग धाकटीने फाटक, मांडणी, पेटी आणि सभागृह हे सगळं एका दमात सांगितलं. सांगताना फुलांचा पुडा टेबलावर ठेवला आणि चिठ्ठीचं पाकीट कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने खाली, कागदात सारलं. ते वाक्य आता तिला स्वतःलाच नको झालं होतं.

थोरलीने फुलांवर नजर रोखली. तिच्या मानेची शीर उडत होती. सभागृहातली पिवळी फुलं फार सुंदर असतात असं शेजारीण खिडकीतून म्हणाली होती, ते तिला आठवलं.

"मी सभागृहात जाऊन फुलांबरोबरच्या चिठ्ठ्या आणते," धाकटी उठली.

"बस खाली. माझ्या चिठ्ठ्या आहेत. वॉकर दे."

सोबतीची बाई पुढे धावली, तिला थोरलीने हातानेच थांबवलं. उंबऱ्याशी वॉकर अडला. थोरलीने दात आवळून तो उचलला, पलीकडे ठेवला आणि पाय टाकला. जे काम व्यायामवालीच्या गोड बोलण्याने झालं नाही ते रागाने केलं. देवाने राग उगाच दिलेला नाही. उतू गेला तर घर जाळतो खरा, पण बेतात पेटला तर चूलही त्यावरच चालते.

सभागृह समोरच्या बाजूला, सहा घरं सोडून. वॉकरच्या एका पायाचं रबर गेलं होतं. फरसबंदीवर तो खट्ट वाजे. खट्ट, पाऊल, दम. खट्ट, पाऊल, दम. एकेका खिडकीचा पडदा हलू लागला. धाकटी बरोबरीने चालत होती, हात न लावता, पण पडलीच तर झेलता येईल एवढ्या अंतरावरून.

आवाज ऐकून सभागृहातून चिटणीसबाई बाहेर आल्या, ओठांवर बोट ठेवूनच. सगळी वसाहत त्यांना पाठीमागे शूबाई म्हणायची. त्यांच्या मागे उंच काचपात्रात गेल्या मंगळवारची शेवंती होती आणि खाली सुबक अक्षरात पाटी, वसाहतीतर्फे सर्वांसाठी.

"हलवायाच्या घरावर तुळशीपत्र," धाकटी म्हणाली. "आणि वर पाटी."

शूबाईंनी शांतपणे नियम सांगितला. थोरलीने तो ऐकून घेतला आणि चिठ्ठ्या मागितल्या. त्या होत्या. खणात, रबर लावून, नीट. खासगी मजकूर आम्ही उघडत नाही, असंही शूबाईंनी सांगितलं. प्रत्येक पाकिटावर घर क्रमांक सात असं लिहिलेलं होतं.

"माझ्या दारावरून तुम्ही रोज फिरायला जाता," थोरली म्हणाली. "नऊ आठवड्यांत एकदा घंटी वाजवायची होती."

"नियम सगळ्यांना सारखा असतो. इथे लोक शांततेसाठी राहायला येतात."

"ही शांतता नाही, बाई. कुणाला कुणाची पर्वा नाही, म्हणून आवाज होत नाही, एवढंच."

हे ती टेलिफोनच्या कचेरीतल्या आवाजात म्हणाली. पलीकडच्या गल्लीपर्यंत गेलं असेल. शूबाईंनी तोंड उघडलं, बोट ओठांशी नेलं, मग खाली घेतलं. माफी त्यांनी मागितली नाही. नियमाचा पुनर्विचार करू, म्हणाल्या.

थोरली तिथल्याच खुर्चीवर बसली आणि शूबाईंच्या समोर एकेक पाकीट फाडू लागली. पडलीस कशी, डोळे कुठे होते. औषध वेळेवर घे, नाटकं करू नकोस. अजून राग आहे का, माझापण आहे. नवव्या चिठ्ठीत होतं, उठून उभी राहा, मला भांडायला उभं माणूस लागतं. तिने ती दोनदा वाचली. रडली वगैरे नाही. चिठ्ठ्या पोलक्यात खुपसल्या आणि वॉकर ओढला.

"आजच्या फुलांत काय लिहिलंयस?"

"काही नाही."

"ठिणगे, तू काही नाही असं आयुष्यात कधी लिहिलेलं नाहीस."

परतीची वाट जास्त लांब होती. दोनदा थांबावं लागलं. घरी पोचताच थोरलीने टेबलाकडे हात केला. धाकटीने पुडा उचलायला झेप घेतली, पण सोबतीच्या बाईने मदत म्हणून तो आधीच सोडला होता आणि पाकीट थोरलीच्या हातात ठेवलं होतं.

तिने वाचलं. 

"मग आलीस कशाला?"

"हेच तोंडावर सांगायला."

"सांग मग."

धाकटीने तोंड उघडलं. वाटभर जुळवलेलं एकही वाक्य हाती लागेना. ती म्हणाली, मशीन भंगारात द्यायच्या आधी मला एकदा विचारायचं होतंस. थोरली म्हणाली, विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. मग बराच वेळ, अगदी चढ्या आवाजात, दोघी मशीनवर भांडल्या. सोबतीच्या बाईने मध्येच शेवंती तांब्यात घातली.

अखेर थोरलीला धाप लागली. तिने दहावी चिठ्ठी पुढे केली.

"हे अक्षर तुझं नाही. मी मानत नाही. स्वतःच्या हाताने लिहून आण पुढच्या मंगळवारी, मग बघू."

"लिहिणार नाही."

"मग नुसती ये. आणि येताना वॉकरचं रबर आण."

धाकटी बाहेर पडली. चार वाजायला अजून पाऊण तास होता. तिने मागे वळून घंटीवर अंगठा ठेवला आणि दाबून धरला. सगळी गल्ली खणाणली. समोरच्या तीन खिडक्या उघडल्या.

आतून खट्ट, खट्ट असा आवाज दाराकडे येऊ लागला. धाकटीने अंगठा काढला नाही.

"येतेय," थोरली आतून ओरडली. "वाजव तू."