विचारलं तेवढंच

मी एक टायमर बोलतोय. चावीचा, गोल, तळहातावर मावेल एवढा. मला घड्याळ म्हणू नका. घड्याळाला वेळ कळते, मला फक्त उरलेला वेळ कळतो. किती वाजले, हे मला आजतागायत कुणी विचारलेलं नाही. माझा कान पिळायचा, आकडा लावायचा आणि मी बोंब मारेपर्यंत आपापलं काम करायचं, एवढाच माणसांचा माझ्याशी संबंध. पण त्या मधल्या वेळात मी काय करत असतो, ठाऊक आहे? ऐकत असतो. टिकटिक करता करता ऐकायचं, ही माझी जन्मजात खोड.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. शेवटच्या बाकावर जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई होती. ती प्रत्येक टायमर कानाशी धरून तपासायची. मला ऐकून ती म्हणाली, "हा आगाऊ दिसतोय. पुढे पळतो." तिनं माझा एक स्क्रू किंचित फिरवला, पुन्हा ऐकलं आणि शेजारणीला म्हणाली, "आवाज मात्र खणखणीत आहे हो." झालं. एवढ्या शिफारशीवर मी खोक्यात बसून जगात निघालो.

पोचलो तो एका इस्पितळात, शेक द्यायच्या खोलीत. कंबरदुखीवाले, मानदुखीवाले, पडून हात मोडलेले, सगळे तिथं यायचे. पाठीवर गरम पॅड ठेवायचं, मला पंधरा मिनिटं लावायची आणि मी वाजलो की पॅड काढायचं. हे काम करायच्या वॉर्डातल्या मावशी. आडव्या बांध्याच्या, मोठ्या आवाजाच्या. पेशंट कण्हायला लागला की म्हणायच्या, "ओरडा खुशाल, पण हलू नका." खोलीची जबाबदारी होती सिस्टरकडे. सिस्टर म्हणजे चाळिशीला टेकलेली, शिडशिडीत, सतत काहीतरी विचारणारी बाई. पॅडमधली तार कुठून गरम होते? दुखतं पाठीत, मग मुंग्या पायाला का येतात? डॉक्टर वैतागायचे. मला मात्र तिचे प्रश्न आवडायचे.

एका सकाळी मावशींनी एका आजोबांच्या पाठीवर पॅड ठेवलं, मला पंधरा मिनिटं लावली. तेवढ्यात पलीकडच्या वॉर्डात एक बाई न्हाणीघरात पडली. सिस्टर दारातून ओरडली, "मावशी, धावा! तिला एकट्यानं उचलता येणार नाही कुणाला. इथलं मी बघते." मावशी धावल्या. सिस्टरला दुसऱ्या पेशंटच्या ड्रेसिंगला बोलावणं आलं. ती म्हणाली, आत्ता येते. मी वेळेवर वाजलो. जीव तोडून वाजलो. खोलीत कुणी नव्हतं आणि आजोबांना डोळा लागला होता. सिस्टर परतली तेव्हा त्यांच्या पाठीवर तळहाताएवढं भाजलं होतं.

आजोबा महिनाभरात बरे झाले. मावशींची नोकरी मात्र गेली. चौकशीत सिस्टरकडून लेखी घेतलं. सगळ्या सिस्टरांच्या वरच्या मेट्रन शेजारी उभ्या होत्या, "थोडक्यात लिहा," म्हणाल्या. सिस्टरनं लिहिलं, 'टायमर वाजला तेव्हा मावशी खोलीत नव्हत्या.' शब्द न् शब्द खरा होता.

मावशी कामगार न्यायालयात गेल्या, आणि मीही गेलो. प्लॅस्टिकच्या पिशवीत, गळ्यात चिठ्ठी अडकवून. इस्पितळाच्या वकिलांनी मला भर कोर्टात पिळून वाजवून दाखवलं. "ऐकलंत? बहिऱ्यालाही ऐकू जाईल." मग मावशींच्या वकिलांनी साक्षीला बोलावून नुसतं नाव-हुद्दा विचारलेल्या सिस्टरकडे उलटतपासणीसाठी वळले.

"हा वाजला तेव्हा मावशी खोलीत होत्या का?"

"नव्हत्या, पण त्यांना..."

"होत्या की नव्हत्या?"

"नव्हत्या."

"बस्स. विचारलं तेवढंच सांगा."

मावशींचे वकील पुढच्या केसचे कागद चाळत होते. ते काही उठले नाहीत. सिस्टर पिंजऱ्यातून उतरली. 'मला सिस्टरनीच पाठवलं होतं,' असं मावशींनी आपल्या जबाबात सांगितलं होतं, पण त्याला दुजोरा देणारं कुणी नव्हतं. मावशी केस हरल्या.

इस्पितळात परत आल्यावर माझी रवानगी भंगाराच्या टोपलीत झाली. भाजल्याच्या प्रकरणातला टायमर कोण वापरणार? सिस्टरनं मला टोपलीतून उचललं, एप्रनच्या खिशात टाकलं आणि घरी नेलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

घरी तिचा नवरा होता, लिफ्ट दुरुस्त करणारा. स्वभावानं गमत्या. आणि पंधरा वर्षांची मुलगी, आईपेक्षा दुप्पट शिस्तीची. दोन महिने मी फडताळात पडून होतो. एके दिवशी सिस्टर जेवायच्या टेबलावर एक जाडजूड पुस्तक आपटून म्हणाली, "मी कायद्याच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा देणार आहे. संध्याकाळचे वर्ग असतात."

नवरा म्हणाला, "अगं, मी तुझ्याशी एवढं भांडतो का, की वकील लागावा?"

"चेष्टा नको. प्रश्न कोणी विचारायचा, कुठं थांबवायचं, हे ठरवतं कोण? मला ते समजून घ्यायचंय."

सकाळपाळी करून ती तीनला घरी यायची. साडेतीनला टेबल पुसून बसायची. परीक्षेच्या प्रत्येक भागाला पस्तीस मिनिटं होती, म्हणून मला फडताळातून काढलं. पंधराचा मी पस्तीसचा झालो. बढतीच म्हणायची!

पहिल्या दिवशी पंचवीसपैकी नऊ आले. मुलीनं लाल पेनानं तपासले होते. "आई, तू वाचतेस नीट, पण उत्तर भलतंच देतेस."

भानगड अशी की, ती कोडी सिस्टरच्या स्वभावाला मानवत नव्हती. सात माणसं, सात खुर्च्या. शिंपी शिक्षकाच्या शेजारी बसतो, शिक्षक खिडकीजवळ बसत नाही, तर सुतार कुठं बसला? सिस्टर पेन्सिल थांबवून विचारायची, "शिक्षक खिडकीजवळ का बसत नाही? त्याला वारा बाधतो का?"

"आई! ते विचारायचं नसतं!"

"का नसतं? कारण कळलं तर नीट बसवता येईल ना त्याला."

"दिलंय तेवढंच धरायचं. त्याच्या पलीकडचं काही नाही."

सिस्टरच्या पेन्सिलीचं टोक बराच वेळ सुताराच्या नावावर टेकून राहिलं. मी चालतच होतो, मला थांबता येत नाही.

पण ती चिवट. हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की दिलेलं तेवढंच धरायचं म्हणजे बाकीचं खोटं मानायचं असं नाही. आत्ता हातात पुरावा कशाचा आहे, एवढंच बघायचं. नवाचे तेरा झाले, तेराचे सतरा. नवरा बाजूला बसून भाजी निवडायचा आणि चुकून एखादं कोडं तिच्याआधी सोडवायचा. मग तिचा पारा चढायचा. "तुम्ही लिफ्टकडे बघा!"

तिला एवढ्यानं भागेना. परीक्षेला नसलेलं पुस्तकही तिनं वाचनालयातून आणलं, साक्षीपुराव्याचं. एका दुपारी ते वाचताना ती एकदम ताठ बसली. "अहो, ऐका. समोरच्या वकिलानं उलटतपासणी केली, की आपल्या वकिलाला पुन्हा उठता येतं. फेरतपासणी म्हणतात. 'मावशी खोलीत का नव्हत्या?' एवढा एकच प्रश्न त्यांनी विचारायचा होता!"

"मग विचारला का नाही?"

"ते उठलेच नाहीत." तिनं पुस्तक मिटलं. "आणि मी इतके दिवस राग भलत्याच माणसावर, इस्पितळाच्या वकिलांवर काढत होते."

परीक्षा झाली. मला आत नेता येत नव्हतं, त्यामुळे तिथं काय घडलं ते मला विचारू नका. एवढं कळलं, की तिला दोन कॉलेजांकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. पहिल्या कॉलेजात तिनं पाठ केलेली उत्तरं घडाघडा म्हटली. तिथून आठवड्यात नकार आला.

मुलगी म्हणाली, "आता घरी सराव. आम्ही तिघं परीक्षक." तिसऱ्या परीक्षक कोण? मुलीनं आईला न विचारता थेट मावशींना बोलावून आणलं होतं.

मावशी आल्या, पदरानं खुर्ची झटकून बसल्या. कोर्टानंतर दोघी पहिल्यांदाच समोरासमोर येत होत्या. मला पाच मिनिटं लावलं. नवऱ्यानं खाकरून विचारलं, "तुम्हाला कायदा का शिकायचा आहे?"

"सामान्य माणसाला न्यायव्यवस्थेची भाषा कळत नाही. त्या दोहोंमधला दुवा होण्याची माझी..."

"हे पाठ केलंयस," मावशी म्हणाल्या. "खरं सांग."

सिस्टरनं पाण्याचा पेला उचलला, न पिताच ठेवला. "मावशी, त्या दिवशी त्यांनी मला गप्प केलं ना, तेव्हा मला राग आला. पण थोडं बरंही वाटलं. मीच पाठवलं, 'इथलं मी बघते' म्हणाले, हे सगळं सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. विचारलं नाही म्हणून सुटले मी."

मुलगी आईकडे बघतच राहिली. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

"ठाऊक आहे मला," मावशी म्हणाल्या. "तुझ्या तोंडावर दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? तुला? तू दिसलीस का मला त्यानंतर?" मावशींचा तो मोठा आवाज पार खाली आला होता. "रोज वाटायचं, येईल. चहा टाकताना एक कप जास्तीचं पाणी ठेवायचे मी."

तेवढ्यात मी वाजलो. माझ्या आयुष्यात मला इतकं ओशाळं कधी वाटलेलं नाही. मावशींनीच हात लांब करून मला थांबवलं. "याला कसली घाई झालीय?" त्या म्हणाल्या, आणि दोघी हसल्या, मग दोघी रडल्या. नवरा चहा टाकायला उठला.

दुसऱ्या मुलाखतीला सिस्टरनं मला पर्समध्ये ठेवलं. मी अंधारात होतो, पण कान उघडे होते. आत तिघं होते. दोन प्राध्यापक, आणि एक निवृत्त न्यायाधीश बाई. त्यांचा आवाज पातळ आणि धीमा होता.

सिस्टरनं या वेळी सगळं सांगितलं. मावशी, पॅड, कोर्ट, आपण सुटलो असं वाटलं तेही. एका प्राध्यापकांनी विचारलं, "इस्पितळाच्या वकिलाच्या जागी तुम्ही असता, तर साक्षीदाराला पुढं बोलू दिलं असतं?"

"नसतं दिलं," सिस्टर म्हणाली. "त्यांचं अशील इस्पितळ होतं. पुढचा प्रश्न आमच्या बाजूनं यायला हवा होता. तो विचारायला उठणारा वकील मला व्हायचंय."

मग त्या न्यायाधीश बाईंनी विचारलं, "त्यांना तुम्ही पाठवलं होतं, हे नंतर कुठं लेखी दिलंत?"

"नाही."

"का?"

"कुणी मागितलं नाही. पण हे काही कारण झालं नाही."

"नाही झालं," बाई म्हणाल्या. "या तुम्ही."

बाहेर येऊन ती जिन्याच्या पायरीवर बसली. आता काही खरं नाही, असं मलाही वाटलं. घरी जाऊन तिनं जेवायच्या टेबलावर कोरा कागद घेतला. मला पिळलं नाही. लागेल तेवढा वेळ लागू दे, असं पहिल्यांदाच घडत होतं. सोमवारी तो कागद तिनं इस्पितळाच्या कार्यालयात दिला आणि पोच घेतली.

मेट्रन खवळल्या. सिस्टरला लेखी ताकीद मिळाली, वर्षभर शेकाच्या खोलीतून बाहेर बदलीही झाली. नोकरी राहिली. मावशींना जुनी जागा काही परत मिळाली नाही, कोर्टात अपील करायची मुदतही उलटून गेली होती. पण त्यांच्या नोकरीच्या दाखल्यावरचा 'कामात हयगय' हा शेरा खोडला गेला. तो स्वच्छ दाखला दाखवून त्यांना एका वृद्धाश्रमात काम मिळालं. तिथल्या आजी-आजोबांवर आता त्या खुशाल ओरडतात, आणि ते निमूट ऐकतात म्हणे.

कॉलेजानं सिस्टरला प्रतीक्षायादीत अकराव्या क्रमांकावर ठेवलं. पाच आठवडे घरात त्या आकड्याचं नाव कुणी काढलं नाही. मग एका दुपारी पत्र आलं. मुलीनं ते फोडलं आणि एवढी किंचाळली, की माझा खणखणीत आवाज त्यापुढं काहीच नाही.

आज सिस्टर दुसऱ्या वर्षाला आहे. माझी स्प्रिंग सैल झालीय. नवऱ्यानं मला एकदा हौसेनं उघडलं. पुन्हा बंद केल्यावर एक स्क्रू उरला, तो त्यानं गुपचूप खिशात टाकला. तेव्हापासून मी मनाला येईल तेव्हा वाजतो. पण मला टाकून कुणी दिलेलं नाही. टेबलावर पुस्तकांच्या शेजारी माझी जागा आहे.

आज सुट्टी. मावशी आल्यात. सिस्टर पुस्तकातला एक प्रश्न मोठ्यानं वाचतेय. एकानं शेजाऱ्याची शिडी मागून नेली, ती न विचारता तिसऱ्याला दिली. शिडीची पायरी आधीच तडकलेली होती. तिसरा पडला. जबाबदार कोण?

"शिडीचा मालक!" नवरा म्हणतोय. "देखभाल कुणी करायची?"

"त्यानं सांगितलं होतं का, तडकलीय म्हणून?" मुलगी विचारतेय.

"आणि पडणाऱ्याला डोळे नव्हते?" मावशींचा आवाज चढलाय.

सिस्टर म्हणतेय, "थांबा, थांबा. त्याला तडा दिसला होता का, ते पुस्तकात दिलेलंच नाही."

वाचकहो, माझी रजा घेतो. राग मानू नका, पण तिनं पान उलटलंय, आणि शिडी तडकलेली आहे हे नेमकं कुणाला ठाऊक होतं, ते मला ऐकायचंय.