पाहुण्यांसाठी सजवलेली वाट

मित्रांनो, मी एक जुनी बर्फगाडी आहे. किती जुनी ते गाडीला विचारू नये. पुढे बर्फावर घसरायला दोन स्कीज, मागे रबरी पट्टा, चाक एकही नाही. स्कॉटलंडच्या डोंगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी राहते. तरुणपणी मी इतक्या वेगाने धावायचे की मागून ससे ओरडायचे, "अहो बाई, तुमची सावली इथेच राहिली!" खोटे वाटत असेल तर सशांना विचारा. हल्ली ते माझ्याशी बोलत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या कारखान्यात झाला. जहाजातून इथल्या बर्फगाडी क्लबात आले तेव्हा माझा रंग लालभडक होता. क्लबाचे सेक्रेटरी उदय. ब्रिस्टलला विमानांचे भाग बनवून रिटायर झाले आणि बायको मीनलला घेऊन या थंडीत येऊन बसले. डोंगरावरच्या चार घरांपर्यंत एक वाट जाते. तिथली मोटारींची सडक बर्फाने बंद झाली की ही वाटच उरते. मी मागे लोखंडी चौकट ओढत त्या वाटेवरचा बर्फ सपाट करायचे आणि वरच्या घरी रिवकाआजींना ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवायचे. त्यांची छाती कमजोर होती. मला पाहिले की त्या म्हणायच्या, "आली माझी लाल घोडी!" असे कौतुक माझ्या वाट्याला आले, मित्रांनो.

मग बातमी आली की कौन्सिल, म्हणजे इथली पालिका, वाटेच्या देखभालीचा निधी बंद करणार. ओढ्यावरच्या पुलाच्या तुळया आधीच सडल्या होत्या. निधी गेला तर पूल जाणार, पूल गेला तर वाट जाणार, आणि वाट गेली तर आजींना घर सोडून दूर दक्षिणेला, हॅरोला मुलाकडे जावे लागणार. क्लबाने सह्या गोळा केल्या, पत्रे लिहिली. कौन्सिलच्या सभेत उदयना तीन मिनिटे मिळाली. ते पाच बोलले. शेवटी ठरले की शुक्रवारी दोन अधिकारी स्वतः वाट बघायला येतील.

इथेच घात झाला.

"त्यांना हा मोडका पूल दाखवणार?" मीनल म्हणाली. "काय म्हणतील, कसे राहतात हे लोक!"

"मीनल, इन्स्पेक्शन आहे. साखरपुडा नाही."

"म्हणून काय घाण दाखवायची? लोक घरी येतायत, उदय!"

उदय हसले खरे, पण बुधवारी हातोडी त्यांनीच उचलली. सडक्या तुळयांवर नव्याकोऱ्या फळ्या ठोकल्या, त्यांना रंग दिला. वाकलेले खुणेचे खांब सरळ केले. मला वाट सपाट करायला बाहेर काढले. मला कळत होते हो! मी मुद्दाम तीनदा बंद पडले. उदयनी प्लग पुसला, कानाशी म्हणाले, "चल गं, आज इज्जतीचा प्रश्न आहे," आणि माझे इंजिन माझे न ऐकता सुरू झाले. त्या दिवशी मी वाट अशी गुळगुळीत केली की वरून सोडलेला लाडू घरंगळत थेट कौन्सिलच्या दारात गेला असता.

शुक्रवारी अधिकारी माझ्यावरच बसून वर गेले. रिवकाआजींनी ठेवणीतली साडी नेसली होती, गव्हाच्या चिकाचा हलवा केला होता. आणि सिलिंडर? ते त्यांनी पडद्यामागे लपवले होते. पाहुण्यांसमोर आजारपण कशाला!

"हिवाळ्यात तुमचे कसे चालते?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"अगदी छान," आजी म्हणाल्या आणि हलव्याची दुसरी वडी पुढे केली. श्वास लागला होता, तो त्यांनी हसण्यात दडवला. मी दाराबाहेर उभी होते. मला हॉर्नसुद्धा नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आले. वाट उत्तम स्थितीत आहे, क्लबाचे सभासद ती स्वतःच सांभाळू शकतात, निधीची गरज दिसत नाही. सोबत उत्कृष्ट देखभालीचे प्रशस्तिपत्रक. मीनलने पत्र दोनदा वाचले आणि म्हणाली, "आपणच केलं रे हे."

मार्चमध्ये बर्फ वितळला, ओढा फुगला आणि नव्या फळ्यांसकट पूल खाली गेला. वाटेवर कौन्सिलने लाल-पांढरी फीत बांधली. आजींना न्यायला मुलगा सडकेने मोटार घेऊन आला. त्यांनी शेडपाशी गाडी थांबवायला लावली, हातमोजा काढून माझ्या सीटवर हात ठेवला. म्हणाल्या, "मी खरं बोलायला हवं होतं." कुणाला म्हणाल्या, देव जाणे. ऐकायला मी एकटीच होते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेल-पाणी करा, गंज चढू देऊ नका, हे तर मी सांगणारच. पण त्याहून एक मागणे आहे. तपासायला आलेल्या माणसाला पाहुणा समजू नका. मोडले असेल तर मोडलेलेच दाखवा, दुखत असेल तर दुखते म्हणा. हलवा नंतर द्या.

उदय अजून दर रविवारी मला पुसतात. ते प्रशस्तिपत्रक त्यांनी चौकटीत घालून शेडच्या भिंतीवर लावले आहे, बरोबर माझ्या दिव्यांसमोर. आणि मला मान वळवता येत नाही.