म्हाताऱ्या संताचे पाय

खरं सांगतो, बाल्दो माणूस म्हणून वाईट असता तर मला एवढा त्रास झाला नसता.

वीस वर्षं मी उस्ताद फेओंच्या हाताखाली काढली. फ्लॉरेन्समध्ये नदीपलीकडच्या चर्चांतून हिंडा, भिंतींवरचे निम्मे संत माझ्या हातचे. प्रभावळ काढावी तर नेरीनेच, असं लोक म्हणायचे. आणि हा कालचा पोरगा रोमहून आला, काखेत चुरगळलेल्या कागदांची गुंडाळी घेऊन. कागदांवर काय, तर मोडके पुतळे! कुणाला नाक नाही, कुणाला मुंडकंच नाही.

"हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना हे जमत होतं, नेरीदादा," तो म्हणायचा. "बघा ना, सगळा भार एका पायावर टाकलाय. आपण विसरलो."

"तुझा बाप विसरला असेल," मी म्हणायचो. तो हसायचा. रागवायचाही नाही लेकाचा.

मग लोकरवाल्या शेठच्या प्रार्थनाघराचं काम आलं. समोरासमोर दोन भिंती. पहिली उस्तादांनी बाल्दोला दिली. मागून आला आणि तिखट झाला! आणि मला काय? गिलावा. "तुझ्यासारखा गिलावा कुणाला जमतो रे नेरी?" उस्ताद वर हेही म्हणाले. दुसरी भिंत कुणी रंगवायची, ते शेठ सणाच्या दिवशी पहिली बघून ठरवणार होता. ती भिंत मला हवी होती. दुसरं काही नको होतं.

आमचं काम ओल्यावरचं. सकाळी भिंत भिजवायची, एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा थापायचा आणि तो ओला आहे तोवर रंग द्यायचा. वाळल्यावर रंग धरत नाही. भिंत नीट भिजवली नाही तर तीच गिलाव्याचं पाणी पिऊन टाकते.

महिनाभर मी गिलावा थापत होतो आणि तो त्यावर माणसं उभी करत होता. उभी म्हणजे अगदी उभी! खिडकीतून जिकडून ऊन यायचं, तिकडूनच त्यांच्यावरही ऊन पडायचं, आणि पायाशी सावली. एके दिवशी चुना कालवणारी बाई त्यातल्या एकाला "जरा सरका हो" म्हणाली. सगळे हसले. मी थापी आपटली.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी दोनच संत रंगवायचे उरले होते, एक तरुण आणि त्याच्या उजवीकडे एक म्हातारा. संध्याकाळी परांची उतरवायची होती. त्या सकाळी मी भिंत भिजवली नाही. वरवर हात फिरवल्यासारखं केलं आणि गिलावा थापला. होऊ दे याची फजिती, म्हटलं. दिसू दे शेठला कोरी भिंत.

दुपारच्या आत बाल्दोने गिलाव्याला बोट लावलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"दादा, हे वाळतंय! एवढ्यात कसं काय?"

"ऊन बघ ना कसलं आहे."

त्याने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ब्रश माझ्या हातात दिला. "दोघं मिळून उरकू. म्हातारा तुमचा. तुम्ही आहात म्हणून बरं, नाहीतर मेलोच होतो."

मला तर हर्षच झाला! म्हटलं, बरं झालं, शेजारी शेजारीच बघू दे लोकांना. जीव ओतून काढला मी तो म्हातारा. दाढीचा केस न् केस मोजून घ्या. घरी बायकोला, नेंचाला, मुद्दाम काही सांगितलं नाही. तिने स्वतःच बघावं आणि ओळखावं.

सणाच्या दिवशी ही गर्दी. शेठ भिंतीपुढे बराच वेळ उभा राहिला, मग बाल्दोच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "समोरची भिंतही तुझीच." माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

तेवढ्यात नेंचा गर्दीतून वाट काढत आली. तरुण संतापुढे थबकली.

"अगंबाई, हा आत्ता बोलेल की काय!" मग तिची नजर उजवीकडे गेली. "अहो, आणि हा म्हातारा असा का लटकलाय? दोरीवर धोतर वाळत घातल्यासारखा? पाय तरी टेकलेत का मेल्याचे?"

मी पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं. चवड्यांवर तरंगत होता माझा संत. खाली जमीन होती, पण त्याची नव्हती. वीस वर्षं मी सगळ्यांना असेच लटकवले होते आणि शेजारी कुणी उभा राहीपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. मलाही नाही. हात दाखवून अवलक्षण ते हेच!

"कुणी काढलाय हो हा?" नेंचाने विचारलं.

"बाल्दोनेच," मी म्हणालो.

बाल्दो दोन पावलांवर उभा होता. त्याने ऐकलं. 

"हो वहिनी, माझाच," तो म्हणाला. "घाई झाली. गिलावा वाळत होता."

"मग आमच्या यांना विचारायचं की रे! वीस वर्षं संत काढतायत. शिकून घे जरा त्यांच्याकडून, पाय कसे काढायचे ते."

"शिकतो ना, वहिनी," बाल्दो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता बाजूला झाला.

त्याच्या हातचं कसब मी एखादे वेळी सहन केलं असतं. हा चांगुलपणा मात्र अजून सहन होत नाही. रात्रंदिवस जळतो मी.

सोमवारी सकाळी आम्ही समोरच्या भिंतीला हात घातला. बाल्दो कागद पसरून बसला होता. मी बादली उचलली आणि भिंत भिजवली. वरपासून खालपर्यंत, तीनदा.