खोटं बोलणारी पाठ

मावशीचा मुलगा जहाजावर आहे. दर फोनला तो वेगळ्याच समुद्रात असतो. मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत फोन उचलतो आणि अडकलेल्या लोकांना घाबरू नका म्हणतो. यावर आईला मावशीसमोर फारसं बोलता येत नाही. म्हणून मी नाटकाच्या कार्यशाळेत नाव घातलं, तेव्हा आईने संध्याकाळच्या आत मावशीला कळवून टाकलं की पोरगा स्टेजवर येणार आहे, तुम्ही दोघं बघायला या. मावशी लगेच हो म्हणाली. आता मला फक्त स्टेजवर यायचं होतं.

कार्यशाळा एका लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये होती. फरशी खालून तापलेली आणि आम्ही अनवाणी. शिकवणाऱ्या बाईंचा शब्दांवर राग होता. नाटक शब्दांतून नाही, शरीरातून येतं, असं त्या सांगायच्या, आणि हे सांगायला त्यांना अर्धा तास लागायचा. सुरुवातीला आम्ही नुसते चाललो. मग पाण्यातून चालल्यासारखे चाललो, मग डिंकातून. मग एकमेकांवर रेलून उभं राहायला शिकलो. माझ्या वाट्याला दातांचे डॉक्टर आले. रेलता रेलता ते मला आ करायला सांगतील, असं सारखं वाटत राहायचं.

आमच्या नाटकाला लेखक नव्हता. सगळ्यांनी मिळून, खेळता खेळता ते उभं करायचं होतं. त्यासाठी नियम एकच: समोरचा जे करेल ते खरं मानायचं आणि पुढे न्यायचं. 'नाही' म्हणायला बंदी. एकदा शिवणकाम करणाऱ्या काकूंनी मला घोडा मानलं, तर तासभर मी गवत खात होतो.

प्रयोगात कोण कोण असणार हे ठरायच्या दिवशी मी जमिनीवरचा काल्पनिक रुमाल उचलायला वाकलो आणि कमरेत उसण भरली. ही मात्र खरी होती. रुमालाला वजन नव्हतं, तरी भरली.

"मला सरळ होता येत नाहीये," मी फरशीकडे बघत म्हणालो.

सगळे थबकले. मग काकू हळूच वाकल्या. "मलाही," त्या म्हणाल्या.

अहो खरंच, कुणीतरी मलम आणा, असं मी म्हटलं. डॉक्टरांनी वाकत वाकत येऊन मला मलम दिलं. ते दिसत नव्हतं. बाकीच्यांनी ते एकमेकांच्या कमरेला चोळलं. बघता बघता अख्खा हॉल वाकला, वाकलेल्यांचं गाव वसलं, गावात दोघांचं प्रेम जुळलं. त्यांनी एकमेकांची फक्त पावलं पाहिली होती. मी मधोमध विव्हळत होतो आणि बाई भिंतीला टेकून आनंदाने रडत होत्या. आपलं नाटक सापडलं, असं त्या म्हणाल्या. विव्हळणं जरा कमी करा, असंही म्हणाल्या.

मुख्य भूमिका अर्थातच माझी. आईने रात्रभर शेक दिला आणि मधूनमधून मावशीला फोन केले. सकाळी पाठ ठणठणीत. तिथेच घोळ झाला.

तालमीत मी वाकलो. माझ्या मते छान वाकलो. बाईंनी पुढून बघितलं, मागून बघितलं, खाली बसून बघितलं.

"तुमची पाठ खोटं बोलतेय," त्या म्हणाल्या.

पाठीने खरं बोलावं म्हणून मी घरातलं कपाट हलवलं. मग शेजाऱ्यांचं हलवलं. शेजारी खूश झाले, पाठ जन्मात नव्हती इतकी मजबूत झाली. इकडे डॉक्टर वर्षानुवर्षं लोकांच्या जबड्यांवर वाकून तयारच होते. ते एकदाच वाकले आणि भूमिका त्यांची झाली. मला निदान गावकऱ्यांत तरी घ्या म्हटलं, तर बाई म्हणाल्या, एक पाठ खोटी निघाली तर गाव कोसळेल. त्यांनी मला दिवे लावायला बसवलं.

हे आईला सांगायला गेलो तर ती फोनवर होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आई बोलत होती आणि मावशी ऐकत होती. मी पाणी पिऊन परत आलो.

प्रयोगाला आई, मावशी आणि काका पहिल्या रांगेत. मी मागे बटणांपाशी. मी उजेड केला आणि वाकलेलं गाव आत आलं. सगळ्यांचे कपडे एकसारखे राखाडी, सगळ्यांची तोंडं जमिनीकडे. शेवटचा नमस्कारसुद्धा बाईंनी वाकलेलाच ठेवला होता. टाळ्या थांबेनात.

तिघं बाहेर फुटपाथवर भेटली. एकदाचं सांगून टाकावं म्हणून मी आईला बाजूला घेतलं.

"काही बोलू नकोस," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "टाच दिसल्याबरोबर ओळखलं मी. अगदी तुझ्या बाबांची टाच."

पलीकडे डॉक्टर त्या टाचेवर मोजा चढवत होते. त्यांची बायको त्यांना विचारत होती की तुम्ही नक्की कुठे होतात, आणि तो मधला मुलगा कोण, फार छान करतो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसरा मोजा चढवला.

मावशी मात्र पुढे सरकली. "दाखव की परत," ती म्हणाली. "इथेच. जवळून बघू दे."

मी फुटपाथवर वाकलो. मनापासून वाकलो. मावशी मान तिरकी करून बघत राहिली.

"स्टेजवर बरंच बरं होतं," ती म्हणाली.

"दमलाय तो," आई म्हणाली आणि दंडाला धरून तिने मला सरळ उभं केलं.