एकाच बाजूला फिरणारा स्क्रू

त्या दिवसांत आमच्या घरात रोज दोन भांडणं व्हायची आणि दोन्हींत आरोपी एकच असायची, वहिनी.

पहिलं भांडण आईचं. खुब्याचं हाड मोडून ती तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत पडून होती. पायाला दोरी, दोरीला पलंगाच्या टोकावरून लोंबणारं वजन, आणि डॉक्टरांची सक्त ताकीद : हाड धरेपर्यंत हिला जागची हलवायची नाही. हाड सरकलं तर या वयात ते पुन्हा जुळेलच असं सांगता येत नाही. त्यामुळे आईला करमणूक एकच उरली होती, दारातून दिसणारं स्वयंपाकघर. आणि ते दार कोणीतरी सारखं लावत होतं.

"मी जिवंत आहे का ते बघायला तरी उघडं ठेवा गं!" ती आतून ओरडायची.

"आई, मी नाही लावलं," वहिनी हातातलं टाकून यायची आणि दार उघडायची.

"मग काय भुताने लावलं? माझं कण्हणं ऐकायला नको म्हणून लावतेस. मला कळतं सगळं."

दुसरं भांडण माझं. गच्चीवर मी एक सिमेंटचा खांब बांधून घेतला होता. त्याच्यावर माउंट आणि माउंटवर दुर्बीण. माउंट म्हणजे दुर्बिणीचं फिरतं बूड. आकाश एका जागी थांबत नाही, म्हणून फोटो काढायचा तर दुर्बिणीलाही ताऱ्यामागे हळूहळू फिरत राहावं लागतं. त्यासाठी माउंटचा आस आकाशाच्या ध्रुवाकडे नेमका रोखलेला लागतो. तो केसभर जरी चुकला तरी सांगितलेला तारा कॅमेऱ्याच्या मधोमध येत नाही, आणि आलेला तारा ठिपक्याऐवजी अळीसारखा उमटतो. मी महिनाभर खपून माझा माउंट असा बसवला होता की लॅपटॉपवर ताऱ्याचं नाव द्यावं आणि तो चौकटीच्या मधोमध असलेल्या फुलीवर बरोबर येऊन बसावा. मला दुसरं काही नको होतं. देवयानी दीर्घिकेचा एक फोटो, रोज संध्याकाळी थोडा थोडा जमवून, एकही अळी नसलेला.

आणि एका संध्याकाळी तारा फुलीच्या खाली आला.

फार नाही. दुसऱ्या कोणाला ते दिसलंही नसतं. पण मी दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवते. कागदाच्या जाडीएवढा उंचवटा राहिला तरी माणूस जेवू शकत नाही, यावर माझं पोट चालतं. मोजून पाहिलं तर आस ध्रुवाच्या जरासा खाली उतरला होता. तो वर-खाली करायला माउंटच्या पाठीत एक जाड स्क्रू असतो. तो मी अगदी थोडा फिरवला, तारा फुलीवर आला, आणि खूण म्हणून स्क्रूच्या डोक्यावर वरच्या बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

दुसऱ्या दिवशी तारा पुन्हा खाली.

माझं डोकं फिरलं. आधी थंडीला दोष दिला, मग माउंटच्या बोल्टना. सगळे बोल्ट खोलून पुन्हा आवळले. मग लक्षात आलं की खांबाला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली आहे. मी तशीच तरातरा खाली आले.

"वहिनी, माझ्या खांबाला ओल्या चादरींचं ओझं कोणी लावलं?"

"ती दोरी खांब उभा राहिल्यापासून तिथेच आहे. आज दिसली तुला?"

"रोज खांब ओढला जातोय माझा!"

"या घरात काहीही हललं की माझंच नाव," वहिनी म्हणाली आणि दोरी सोडायला गच्चीवर गेली. जाता जाता तिने आईचं दार उघडलं. ते पुन्हा लागलं होतं.

दोरी सोडली तरी तारा खालीच. मग मी भांडण सोडलं आणि स्क्रू धरला. रोज दिवेलागण झाली की वर जायचं, चूक मोजायची, स्क्रू किंचित फिरवायचा, फोटो सुरू करायचे. सुधारणा इतकी सफाईने जमायला लागली की मला स्वतःचंच कौतुक वाटायचं. देवयानी सुरेख उमटत होती. लाल ठिपका वरून उजवीकडे सरकत चालला होता, रोज त्याच बाजूला. तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही. मला फोटो हवा होता आणि फोटो मिळत होता.

पण मनाला स्वस्थता नव्हती. जेवताना उठावंसं वाटायचं, बसलं की पाय हलायचे. घरामागचं जुनं गोदाम पाडून तिथे नव्या इमारतीसाठी खोल खड्डा खणायला घेतला होता. खाली गाड्या ठेवायच्या होत्या म्हणे. खड्ड्यात साठणारं पाणी उपसायला पंप दिवसभर घरघरत असायचा. त्या आवाजानेच मला कावल्यासारखं होतंय, असं मी सगळ्यांना सांगायची.

मग एक आजोबा कवळी घेऊन आले. त्यांची ही कितवी तरी खेप. कवळी डुगडुगते, खालची बाजू घासून द्या, म्हणून. मी आधी प्रत्येक वेळी घासून दिली होती, प्रत्येक वेळी ती छान बसली होती, आणि दर वेळी ते परत आले होते. त्या दिवशी मी वैतागले.

"आजोबा, कवळी किती घासू आता? कवळी आहे तशीच आहे. खालचं हाड झिजतंय तुमचं. दोष कवळीत शोधून…"

आजोबा तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

माउंट आहे तसाच आहे. खांबही आहे तसाच आहे. मग खाली काय झिजतंय?

त्या संध्याकाळी मी स्क्रूला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. हात लावायचा नाही हे माझ्यासारखीला किती कठीण गेलं ते मलाच माहीत. देवयानीची अळी झाली. तारा फुलीपासून खाली, आणखी खाली उतरत गेला, आणि प्रत्येक दिवसाचं उतरणं आदल्या दिवसापेक्षा जास्त होतं. खांब ध्रुवाच्या दिशेला झुकत होता. म्हणजे घराच्या मागच्या बाजूला, खड्ड्याकडे. पंप पाण्याबरोबर आमच्या घराखालची मातीही ओढून नेत होता. आणि त्या बाजूला तळमजल्यावर आई होती, पायाला वजन लावलेली.

दादा लिफ्ट बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो. तो घरी आल्या आल्या मी त्याला जिन्यातच गाठलं.

"दादा, घर कलतंय. आईला इथून हलवायला हवं."

त्याने पिशवी खाली ठेवली. "आला भोंगा."

भोंगा हे माझं घरातलं नाव, आणि ते उगाच पडलेलं नाही. एकदा गॅस गळतोय म्हणून मी अख्खं घर रस्त्यावर काढलं होतं. वास कोबीचा निघाला. आई तेव्हा चालती होती, अंगावर शाल घेऊन शेजाऱ्यांसमोर उभी होती, आणि ते ती आजही विसरलेली नाही.

"हा कोबी नाही," मी म्हणाले. "मी मोजलंय."

"कशाने? त्या दुर्बिणीने? तारे बघायच्या यंत्राने तू घर मोजतेस?"

"आकाशाचा ध्रुव जागचा हलत नाही म्हणूनच मोजता येतं. तो तिथेच आहे, आपण खाली चाललोय."

"आणि चुकलीस तर? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? हाड सरकलं तर ती कायमची पलंगावर. ते कोण निस्तरणार, तू?"

गेले दोन दिवस मी स्वतःशी तेच बोलत होते. मी चुकले तर आईचा पाय माझ्यामुळे जाणार. मी बरोबर असले आणि गप्प बसले तर आई जाणार. मी चक्क रडायला लागले. मी रडले की दादाला काय करावं सुचत नाही.

"बरं, बरं. तुझं तोंड बंद करायला म्हणून करतो," तो म्हणाला.

त्याने पिशवीतून ओळंबा काढला. लिफ्टचे रूळ सरळ आहेत का ते बघायला लागतो, तो. गच्चीच्या दारापाशी दोरी बांधून त्याने ती जिन्याच्या मधल्या पोकळीतून थेट तळमजल्यापर्यंत सोडली. टोकाचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवलं, म्हणजे दोरी डोलत नाही. ती अगदी स्थिर झाल्यावर शेवटच्या पायरीच्या कडेवर, दोरीच्या बरोबर मागे, पेन्सिलने एक बारीक रेघ मारली.

"उद्या बघू. हात लावायचा नाही कोणी."

"आता ओला टॉवेल टाकू का त्याच्यावर?" वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली.

रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर दोनदा साचा बिघडवला. घरी आले तर दादा माझ्याआधी पोचला होता. बूटसुद्धा न काढता तो शेवटच्या पायरीपाशी वाकून बसला होता. मीही वाकले. दोरी रेघेवर नव्हती. तांदळाच्या दाण्याची जाडी असते तेवढी ती बाजूला होती, खड्ड्याच्या बाजूला.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "परत दार लावलं! लावा, लावा! एकदाचं कुलूपच घाला!"

दादा उठला. आईच्या खोलीचं दार त्याने पूर्ण उघडलं आणि हात सोडला. आम्ही तिघं बघत राहिलो. दार क्षणभर थांबलं, मग आपलं आपण, अगदी सावकाश, फिरत गेलं आणि लागलं. त्याने पुन्हा उघडलं, ते पुन्हा लागलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही, आईच्या खोलीकडेही पाहिलं नाही. ती नुसती भिंतीला टेकली.

"आईला उचलायचं," दादा म्हणाला.

त्याच्या कामावरच्या सोबत्याचं एक घर पलीकडच्या गल्लीत रिकामं होतं, तळमजल्याचं. हॉस्पिटलमधून स्ट्रेचर आणि दोन माणसं आणली. वजन काढल्यावर कोणीतरी पाय सतत ओढून धरायला हवा, नाहीतर हाड मागे जातं. ते वहिनीने केलं. आईची टाच दोन्ही हातांत ताणून धरून ती दारातून, पायऱ्यांवरून, रस्त्यावरून उलटी चालत गेली. आई किंचाळत होती.

"ही भोंगा माझा जीव घेणार! कोबीवाली! सोडा मला, मरू दे घरातच!"

मी स्ट्रेचरची कड धरून चालत होते. आणि मला तेव्हा एकच वाटत होतं, की हे घर पडू दे. आत्ताच्या आत्ता पडू दे. माझ्या जन्माचं घर पडावं म्हणून मी जीव तोडून वाट बघत होते.

ते पडलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. नव्या तपासणीत आईचं हाड थोडं सरकलेलं निघालं. डॉक्टर माझ्यावर नाही, दादावर खेकसले, आणि दादाने ते मुकाट ऐकून घेतलं. त्याने मला भोंगासुद्धा म्हटलं नाही, त्याचाच मला जास्त त्रास झाला. तक्रार केली होती, म्हणून पालिकेचा माणूस येऊन भिंती बघून गेला. जुनं घर आहे, चिरा असायच्याच, मोजणीला कोणाला तरी पाठवतो, म्हणाला. पंप चालूच होता.

मी दुर्बीण गच्चीवरून उतरवून आणायला गेले. माउंट काढताना लाल ठिपक्याकडे बघितलं. त्याच्यावर इतकी मेहनत घेतली होती मी.

त्यानंतर एका सकाळी, आम्ही सगळे पलीकडच्या गल्लीतल्या घरी चहा पीत असताना, दादाला कोणाचा तरी फोन आला आणि तो चप्पल न घालताच पळाला. परत आला तेव्हा त्याच्या केसांत धूळ होती.

"मागची खोली गेली," तो दारातूनच म्हणाला. "जमीन खचली. पलंगाची जागा खड्ड्यात आहे. पुढचा भाग उभा आहे अजून."

आईने हातातली बशी छातीवर ठेवली.

"म्हणजे ते दार…" ती म्हणाली.

"हो," वहिनी म्हणाली.

"आणि मी तुला रोज…"

"रोज. सकाळ-संध्याकाळ. मोजत नव्हते मी." वहिनीने तिच्या छातीवरची बशी उचलली. मग तिचा आवाज फुटला आणि ती आईच्या पायापाशी, ज्या पायाला तिने रस्ताभर धरलं होतं त्याच्यापाशी, बसून रडली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. मी खिडकीत जाऊन उभी राहिले, कारण मलाही तिची माफी मागायची होती आणि मला ते नीट जमत नाही. शेवटी म्हणाले, "वहिनी, दोरीचं चुकलंच माझं." ती रडता रडता हसली.

नव्या घराच्या मागच्या अंगणात मी माउंट लावला आहे. आस पुन्हा ध्रुवाकडे रोखला, स्क्रूवर नवा ठिपका दिला. देवयानीचा फोटो अजून पूर्ण नाही, आणि खरं सांगायचं तर आता मी फोटोसाठी बाहेर जात नाही. दिवेलागण झाली की जाते, ताऱ्याचं नाव देते आणि श्वास धरून चौकटीकडे बघते.

आईचा पलंग असा ठेवला आहे की तिला अंगण दिसावं. हाड जुळेल की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत. रोज संध्याकाळी ती आतून विचारते.

"आहे का गं जागेवर?"

"आहे, आई."

"नीट बघितलंस?"

"बघितलं. फुलीवर आहे."

"मग झोपते," ती म्हणते. वहिनी दिवा मालवते आणि दार उघडंच ठेवते. ते तसंच राहतं.