तीनदाच वाजणारी घंटा

लिफ्टवाल्याला मास्तरीणबाईंनी अगदी जेरीस आणलं होतं. एक नाही, दोन नाही, अकरा महिने! बाईंना त्याने कधी पाहिलं नव्हतं, त्यांचं नावही त्याला ठाऊक नव्हतं. त्यांच्या लिहिण्यातला ठसका बघून हे नाव त्यानेच मनातल्या मनात ठेवलेलं.

भांडण होतं एका घंटेचं. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या माणसाने वडिलांसाठी मोबाइलवर एक छोटं ॲप लिहिलं होतं. गोळीची वेळ झाली की घंटा तीनदा वाजायची आणि गप्प व्हायची. चौथी वाजली की वडील खेकसायचे, कळलं रे बाबा, बहिरा नाही झालो. म्हणून तीन. ॲप त्याने सगळ्यांसाठी फुकट ठेवलं, त्याचा कोडही उघडा ठेवला, आणि तक्रारींचं पानही कोणालाही वाचता-लिहिता येईल असं. पुढे वडील गेले. ॲप मात्र कुठल्या कुठे पोचलं, आणि अनोळखी लोकांच्या तक्रारी निस्तरणं हाच त्याचा संध्याकाळचा उद्योग होऊन बसला.

मास्तरीणबाईंचं म्हणणं एकच: गोळी घेतल्याचं बटण दाबेपर्यंत घंटा वाजत राहावी. त्याने परोपरीने सांगितलं की तीन पुष्कळ झाल्या, घरात कोणीतरी ऐकतंच. बाई ढिम्म हलल्या नाहीत. आता, एकटा माणूस कुठे कुठे पुरणार? म्हणून त्याने एक सोय करून ठेवली होती. ज्या तक्रारीवर तीस दिवस कोणी बोललं नाही, ती आपोआप बंद. पण बाई खमक्या. दर महिन्याला, बरोब्बर एकोणतिसाव्या दिवशी, एकच ओळ टाकायच्या: 'तक्रार बंद करू नये.' की पुढचे तीस दिवस तक्रार जिवंत.

अकराव्या वेळी त्याचं डोकं फिरलं. कामावर पाठ धरलेली, घरी खायला पावाचे दोन तुकडे, आणि वर ही ओळ. फुकटात वापरता आणि वर हुकूम सोडता, पटत नसेल तर दुसरं शोधा, असं त्याने लिहून टाकलं. झालं! पन्नासेक लोक त्याची बाजू घेऊन बाईंवर तुटून पडले. हवी तेवढी टिंगल झाली. बाईंनी सगळ्यांना मिळून एकच उत्तर दिलं.

'घरात कोणीतरी ऐकतं, असं आपण लिहिलंत. माझ्या घरात मी एकटीच आहे, आणि मी दुसऱ्या खोलीत असते.'

तो वरमला. पण चारचौघांत माघार कोण घेणार? भांडण वाढू नये असं कारण देऊन त्याने तक्रारीला कुलूप घातलं आणि लॅपटॉप मिटला.

पुढचा एकोणतिसावा दिवस आला, ओळ आली नाही. तिसाव्या दिवशी तक्रार आपोआप बंद झाली. जिंकलास की लेका, मग आता घास का उतरेना?

त्याच आठवड्यात एका इमारतीत त्याला लिफ्टमधल्या धोक्याच्या घंटेची वायर कापलेली सापडली. आवाजाचा त्रास होतो म्हणून पहारेकऱ्यानेच कापली होती. लिफ्टवाला त्याच्यावर असा भडकला की जिन्यात माणसं जमली.

"आत अडकलेल्या माणसाने काय, तीनदा वाजवून गप्प बसायचं?"

बोलला, आणि स्वतःचेच शब्द कानात घेऊन वायर जोडायला वाकला.

रविवारी त्याने कोड बदलला. फोन स्वयंपाकघरात ठेवला, वडिलांच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि वाट बघत बसला. घंटा तीनदा वाजली. चौथी वाजली. मग दहा, मग वीस. कोणी खेकसलं नाही, कोणी बंद कर म्हणालं नाही. वडिलांच्या पलंगावर बसून त्याने ती कितीतरी वेळ वाजू दिली आणि त्याला रडू आलं.

त्याने तक्रार पुन्हा उघडली आणि खाली लिहिलं की बदल केला आहे, चूक माझी होती. आठवडा संपत आला तरी उत्तर नाही. बाईंचं काही बरंवाईट तर झालं नसेल? आपली घंटा तीनदा वाजून गप्प झाली असेल, आणि त्या दुसऱ्या खोलीत... शनिवारी पुन्हा तेच पान उघडून बसला, तेव्हा त्याला कोपऱ्यातलं कुलूप दिसलं. तो ॲपचा मालक, त्याला आत लिहिता येत होतं. बाहेरच्यांना येत नव्हतं. बाईंचं तोंड स्वतःच बंद करून हा शहाणा चाळीस दिवस त्या बोलायची वाट बघत होता.

कुलूप काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं.

'घंटा दुसऱ्या खोलीतही ऐकू येते. तक्रार बंद करण्यास हरकत नाही.'

त्याचा जीव भांड्यात पडला. आता बटण दाबलं की विषय मिटला. पण बोट काही पुढे जाईना. तक्रार मिटली म्हणजे पुढच्या महिन्यात ओळ नाही, त्याच्या पुढच्याही महिन्यात नाही. ठरल्या दिवशी न चुकता त्याच्याशी बोलणारं आता दुसरं कोणी नव्हतंच. त्याने ती तशीच उघडी ठेवली आणि दिवस मोजू लागला.

एकोणतिसाव्या संध्याकाळी, जेवण उरकून, त्याने स्वतःच लिहिलं: 'तक्रार बंद करू नये.'

दहा मिनिटांत उत्तर आलं.

'आता काय मोडलं?'

मोडलं तर काहीच नव्हतं. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि बाईंना काय सांगावं याचा विचार करत बसला.